खणायचं की पुढे जायचं? मेटल डिटेक्टरच्या सिग्नलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या पूर्वेला सफकमध्ये मी गेली अकरा वर्षं शेतकऱ्यांच्या परवानगीने डिटेक्टर घेऊन फिरते. माहेर कराडचं, घरात शेती, त्यामुळे नांगरट आणि ढेकळं पायाखालची होती. कानातल्या आवाजांचा अर्थ मात्र इथेच शिकले. या छंदात नव्याने आलेली मराठी मंडळी मला जे विचारतात, ते बहुतेक एकाच क्षणाबद्दल असतं. आवाज आला आहे, फावडं हातात आहे, आता काय करायचं? दिवसभरात शंभर-दोनशे आवाज येतात आणि पाठ साथ देते ती चाळीस-पन्नास खड्ड्यांपुरती. म्हणून निवड करावीच लागते.

स्क्रीनवर आकडा दिसतो ना? मग तो बघून का ठरवायचं नाही?

तो आकडा कशाचा आहे हे कळलं की त्याच्यावर किती भिस्त ठेवायची हेही कळतं. कॉईल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेची तबकडी, जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र कॉईलकडे परत येतं, किंचित मागे पडून. ते किती मागे पडलं यावरून यंत्र आकडा काढतं. पण हे मागे पडणं केवळ धातूवर अवलंबून नसतं. वस्तू केवढी, किती जाड, गोल की वेडीवाकडी, यावरही ते तितकंच ठरतं.

म्हणून चांदी सर्वांत उत्तम वाहक असली तरी मध्ययुगीन चांदीच्या पेनीचा पातळ तुकडा खालचा आकडा दाखवतो, आणि शिसं वाहक म्हणून सुमार असूनही त्याचा जाड गोळा त्याच्या वर जातो. माझ्या इक्विनॉक्स ८०० या यंत्रावर आकडे उणे ९ पासून ४० पर्यंत आहेत आणि शून्य व त्याखालचे लोखंडाचे मानले जातात. मला सापडलेली चांदीची नाणी या पट्टीवर इतकी पसरलेली आहेत की 'चांदीचा आकडा' असं काही मी आता मानत नाही. तुमचं यंत्र वेगळ्या कंपनीचं असेल तर पट्टीही वेगळी. दुसऱ्याचे आकडे पाठ करू नका.

मग कशावर विश्वास ठेवायचा?

आवाज पुन्हा पुन्हा तसाच येतो का, यावर. माझ्या लेखी ही एकच कसोटी बाकी सगळ्यांच्या वर आहे.

सिग्नल आला की थांबा आणि त्याच जागेवर कॉईल अगदी छोट्या झोक्याने, वीतभर, डावी-उजवी फिरवा. दोन्ही दिशांनी तोच आवाज यायला हवा. मग त्या जागेभोवती पाव गोल चालून जा आणि काटकोनातून तेच करा. आवाज तसाच नेमका, आखूड आणि कडा स्वच्छ असलेला राहिला तर खणा. आकडा काहीही असो. जाताना वाजला आणि येताना गप्प राहिला, किंवा बाजू बदलताच फाटला, तर बहुतेक वेळा ते लोखंड असतं. बहुतेक वेळा म्हणते आहे, नेहमी नाही. त्याचा अपवाद पुढे येईल.

मग कॉईल हळूहळू वर उचला. लहान वस्तू चार-सहा इंचांवर विझते. दीड फूट उचलूनही आवाज तसाच राहिला तर खाली मोठं काहीतरी आहे: बादली, पत्रा, नांगराचा तुटका भाग. क्वचित त्याहून मोलाचंही असतं, म्हणून अशा जागी फावडं जपून घाला.

एक प्रसंग सांगते. सप्टेंबरचा शेवट, गव्हाची धसकटं अजून उभी, त्यामुळे कॉईल जमिनीपासून दोन बोटं वर. एक अगदी बारीक आवाज आला, टिचकी वाजवल्यासारखा. आकडा ७, मग ९, मग ८. आदल्या तासाभरात याच आकड्यांवर मी चार वेळा चॉकलेटची चांदी काढली होती. पण हा आवाज चारही बाजूंनी तसाच येत होता आणि त्याची कड कुठेही चिरत नव्हती. चार इंचांवर, मुठीत फुटलेल्या ढेकळात, करंगळीच्या नखाएवढा काळपट पाचरीच्या आकाराचा तुकडा निघाला. त्याच्यावर क्रॉसचा एक हात आणि टोकाशी तीन टिंबं. इंग्लंडचा राजा हेन्री तिसरा याच्या 'लाँग क्रॉस', म्हणजे लांब क्रॉसच्या, पेनीचा चतकोर. १२४७ पासून क्रॉसचे हात नाण्याच्या काठापर्यंत नेले गेले. त्याआधीही आणि नंतरही लोक क्रॉसच्या रेषेवरून पेनी कापून अर्धी आणि चतकोर चलनात वापरत. १२७९ पासून एडवर्ड पहिल्याने गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीची नाणी, पाडायला घेतली आणि ही कापाकापी मागे पडली. आकड्यावर गेले असते तर तो चतकोर आजही तिथेच असता.

लोखंड कधीकधी चांदीसारखं का वाजतं?

बारीक खिळा साधारणपणे गुरगुरतो आणि फसवत नाही. फसवतं ते मोठं, चपटं किंवा कडीसारखं लोखंड: घोड्याची नाल, वॉशर, साखळीची कडी, पत्र्याचा तुकडा. अशा आकारात भोवरी प्रवाह झकास फिरतात आणि यंत्राला ते चांगल्या वाहकासारखं वाटतं. वाकलेला गंजका खिळाही एका ठरावीक कोनातून गोड आवाज देतो.

ओळखायच्या खुणा आहेत. गोड आवाज जिथे येतो तिथे पिनपॉइंट मोड (वस्तूची नेमकी जागा दाखवणारी सोय) लावून पाहा; मोडने दाखवलेली जागा त्या आवाजापासून चार बोटं बाजूला सरकलेली असेल तर लोखंडाचा संशय धरा. कॉईल बारीक हलवत मागे घेत या आणि वस्तू कॉईलच्या पुढच्या टोकाखालून निसटताना काय ऐकू येतं ते पाहा, कारण लोखंड बहुधा तिथे गुरगुरतं. आणि गाळणी, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज दाबणारं डिस्क्रिमिनेशन, बंद करून सगळे धातू ऐका. इक्विनॉक्सवर त्यासाठी नालेचं चित्र असलेलं बटण आहे.

आता तो अपवाद. रोमन घराच्या किंवा जुन्या वाड्याच्या जागेवर जमीन खिळ्यांनी भरलेली असते. तिथे नाणं एकटं नसतं, त्याच्या शेजारी खिळा असतो, आणि खिळा नाण्याचा आवाज अर्धा गिळतो. अशा शेतात एकाच बाजूने येणारा, तुटका, पण वरच्या सुरातला आवाजही खणावा. मी अशा ठिकाणी छोटी कॉईल लावते आणि चालण्याचा वेग इतका कमी करते की बांधावरून बघणाऱ्याला मी उभीच वाटावी. निघणाऱ्यांत दहापैकी सात खिळे असतात. उरलेल्या तिनांसाठी ते सात काढावेच लागतात.

डिस्क्रिमिनेशन किती ठेवावं?

शक्य तितकं कमी. ही गाळणी आवाज दाबते, जमिनीतलं लोखंड दूर करत नाही. लोखंड गप्प झालं की शेत रिकामं वाटतं, आणि त्याच लोखंडाच्या आड दडलेलं नाणंही गप्प होतं. पहिले दोन हंगाम मी फॉइलपासून शीतपेयाच्या कॅनच्या कडीपर्यंतचे सगळे आकडे बंद ठेवून फिरले. कानाला सुख वाटायचं. तिसऱ्या वर्षी ते सुरू केले आणि ज्या शेतावर मी 'काही नाही' असा शेरा मारला होता, तिथेच पहिल्या दुपारी दोन रोमन ब्रूच आणि एक चांदीचं नाणं निघालं. ते दोन हंगाम मला अजून टोचतात.

लोखंडाचा आवाज बंद करण्यापेक्षा बारीक ठेवा, म्हणजे तो कानाच्या तळाशी चालू राहील. लोखंडाची दाटी अचानक वाढली तर तिथे कधीकाळी माणसं राहत होती, ही बातमीही तोच आवाज देतो.

कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी यांतला फरक आवाजावरून कळतो का?

नाही. कळतो म्हणणाऱ्यांना मी भेटले आहे आणि त्यांच्यासोबत खणलेही आहे. सोनं वाहक म्हणून चांगलं आहे, पण अंगठी लहान, त्यात मिश्रधातू, त्यामुळे ती नेमकी फॉइल आणि कडी यांच्या टप्प्यात बसते. कड्या नकोत म्हणून तो टप्पा गाळलात की अंगठ्याही गाळल्यात.

इथे निर्णय जागा घेते. समुद्रकिनाऱ्यावर मी सगळं खणते; वाळूत खड्ड्याला दहा सेकंद लागतात. नांगरटीच्या, वस्तीपासून लांबच्या शेतातही मधल्या टप्प्याचं सगळं खणते, कारण तिथे सहलीला कोणी येत नाही आणि कड्या थोड्याच असतात. गावच्या खेळाच्या मैदानावर मात्र एका तासात बारा कड्या निघाल्या तर त्या दिवसापुरता तो टप्पा सोडते.

आणि एका प्रकारच्या शेताला सरळ नमस्कार करावा: ज्यावर शहरातल्या बागांचं ग्रीन वेस्ट खत पसरलं आहे. त्या खतात अॅल्युमिनियमचे कापलेले तुकडे, फॉइल, विजेच्या तारा येतात आणि हजारो बारीक सिग्नल एका एकरात पेरले जातात. पायाखाली प्लास्टिकचे रंगीत तुकडे दिसले की ओळखा. शतकानुशतकांचा इतिहास असलेली जमीन अशी मुकी होताना पाहून वाईट वाटतं.

शेत चांगलं आहे हे आधी कसं ओळखायचं?

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर संपूर्ण ब्रिटनचे जुने नकाशे मोफत पाहता येतात. एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याचे, नकाशे उघडा आणि आज नसलेली पायवाट, मोडलेलं घर, झरा, नदीचा उतार शोधा. पायवाट जिथे ओढा ओलांडते तिथे लोकांनी पैसे पाडलेले असतात. चर्चजवळचं शेत, जत्रेची जागा, दोन बांधांचा कोपरा. या जागांवर मी शंकास्पद सिग्नलही खणते; इतरत्र त्याच आवाजाला सोडून देते.

जमिनीची स्थिती पाहा. कोरड्या खडखडीत मातीत खोलवरचे आवाज हरवतात. पाऊस पडून वाफसा आला की तेच शेत बोलू लागतं. माझे बहुतेक चांगले दिवस पावसानंतरचे तिसरे-चौथे आहेत.

खोल, कुजबुजल्यासारखा सिग्नल खणावा का?

तो पुन्हा येत असेल तर हो. खोलीवर आकडा विश्वासाचा राहत नाही, चांगल्या वस्तूचाही आकडा लोखंडाकडे घसरू शकतो. मी वरची सैल माती पायाने बाजूला सारून कॉईलने पुन्हा ऐकते. दोन इंच माती गेल्यावर आवाज सुधारला तर खणते, आणि फाटला तर माती परत लोटते.

खणायला सुरुवात केल्यावर कधी थांबायचं?

हा प्रश्न लोक फार कमी विचारतात आणि मला तो पहिल्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. नांगराचा फाळ जिथवर जातो तिथवरची माती, साधारण फूटभर, आधीच उलथीपालथी झालेली असते. त्यात सापडलेली एकटी वस्तू काढायला हरकत नाही, जागेची नोंद ठेवली म्हणजे झालं. पण सिग्नल त्याच्या खाली चालू राहिला, किंवा एकाच खड्ड्यात दुसरं-तिसरं नाणं दिसलं, खापरीची कड दिसली, हाड दिसलं, तर फावडं खाली ठेवा.

आमच्याच सफकमध्ये होक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ ला एरिक लॉज हे आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. जोरदार सिग्नल आला आणि सोन्या-चांदीची नाणी, चमचे हाती लागू लागले. काही वस्तू बाहेर काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी उरलेलं जागच्या जागी उकरलं, म्हणूनच सगळा ऐवज लाकडी पेटीत, आत लहान पेट्या ठेवून, नीट रचून पुरला होता हे समजलं. जवळजवळ १५,००० रोमन नाणी होती. ती हातोडीही सापडली आणि तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुसरं उदाहरण सॉमरसेटमधल्या फ्रूमजवळचं, एप्रिल २०१०. डेव्ह क्रिस्प यांना मडक्याचं तोंड आणि आतली नाणी दिसली, त्यांनी खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी होती. ती थराथराने काढली गेली आणि लक्षात आलं की सर्वांत उशिराची, म्हणजे करॉसियस या रोमनकालीन ब्रिटनमधल्या राजाची, बहुसंख्य नाणी एकाच थरात, तीही मडक्याच्या अर्ध्याहून खाली होती. वर्षानुवर्षं थोडी थोडी बचत साठवली असती तर ती वर असती. म्हणजे मडकं एका झटक्यात भरलं गेलं, बहुधा अर्पण म्हणून. घाईने पोत्यात ओतलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट कायमची पुसली गेली असती.

आणखी एक थांबणं जिवाचं. पूर्व इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ ठिकठिकाणी होते. गंजलेला, निमुळता, जड लोखंडी नळकांडा दिसला की हात लावायचा नाही, तो न फुटलेला बॉम्ब असू शकतो. जागेवर खूण करा, दूर व्हा, ९९९ हा आपत्कालीन क्रमांक फिरवा.

सापडलेलं कोणाला सांगावं लागतं?

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला ट्रेझर अॅक्ट १९९६ लागू आहे. थोडक्यात: ३०० वर्षांपेक्षा जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली, नाण्याखेरीजची वस्तू, त्याच वयाची आणि धातूची दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यातली, सोनं-चांदी त्याहून कमी असेल तर अशी दहा नाणी. हे सापडलं तर १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ पासून काही विशेष महत्त्वाच्या, २०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूही, धातू कोणताही असो, यात आल्या आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि कडक, तिथे पुरातत्त्वीय असं जे काही सापडेल ते कळवावं लागतं.

कायद्यात न बसणाऱ्या वस्तू मी आमच्या भागातल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे नेते. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या वस्तूंच्या नोंदयोजनेत त्यांची नोंद होते, आणि माझं साधं तुटकं बक्कल कोणाच्या तरी अभ्यासाच्या नकाशावर ठिपका होतं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लेखी परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि परवानगी शेतमालकाची हवी, आधी आणि लेखी.

गावी आल्यावर गडावर नाहीतर आमच्या शेतात फिरवू का?

गडावर नको. दरवर्षी कोणीतरी विचारतं, आणि मी दरवर्षी हेच सांगते. संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मना आहे. स्वतःच्या शेतातसुद्धा १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट आड येतो: जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. इंग्लंडसारखी छंदिष्टांकडून नोंद करून घेणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. त्यामुळे गडाच्या मातीतून उकरलेली शिवराई ही कुठल्या थरातली, कशाशेजारची, हे सांगणारं काही उरत नाही.

आपल्याकडे गुप्तधन, पायाळू माणूस, मोहरांचा हंडा हे लहानपणापासून कानावर पडतं आणि ते ओढ लावतं, हे मला कळतं. पण मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या शेतांत रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोहरा शोधायला लोटलेली गर्दी आणि सकाळी उरलेले खड्डे मी बातम्यांत पाहिले, तेव्हा पोटात कालवलं. ते शेत कोणाचं तरी होतं.

शिसं, काडतुसांची पितळी बुडं, बटणं... हे खणणं वाया नाही का?

काडतुसांची बुडं कंटाळा आणतात, खरं आहे. शिशाबद्दल मी वेगळं सांगेन. मस्केटची गोळी, कापडाच्या गठ्ठ्याला लावायचं शिशाचं सील, सूत कातायच्या चातीचं वजन, हे सगळं शिसंच. ते एकाच पट्ट्यात निघू लागलं की तिथे माणसांचा वावर होता, आणि तिथे चांदीही असू शकते. जे निघेल ते पिशवीत घाला, परत पुरू नका. पुढच्या वेळी तोच सिग्नल तुमचाच वेळ खाईल, आणि शेतकऱ्यालाही मूठभर कचरा नेलेला दिसला की तुमच्याविषयी भरवसा वाटतो.

कुरणात खणताना गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटवा, माती ताडपत्रीच्या तुकड्यावर काढा, परत भरा आणि पायाने दाबा. उघड्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडतो.

कान तयार व्हायला सराव कसा करायचा?

पहिला हंगामभर पुन्हा पुन्हा येणारा प्रत्येक सिग्नल खणा आणि वही ठेवा: खणण्याआधी आवाज कसा वाटला, आकडा काय, मनाने काय म्हटलं, आणि निघालं काय. तीनशे नोंदींनंतर ती वही तुमच्या यंत्राबद्दल कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जास्त सांगेल.

घरच्या घरी एक प्रयोग करून बघा. १९८५ सालची एक पेनी आणि १९९५ सालची एक पेनी घ्या. दोन्ही तांबूस, आकार एकच, गवतावर ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. पहिली कांस्याची आहे. दुसरी, १९९२ नंतरच्या सगळ्यांसारखी, तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आणि चुंबकाला चिकटणारी. दोन्हींवरून कॉईल फिरवा, उभी, आडवी, उंचावरून. मग डोळे मिटा, घरातल्या कोणाला तरी त्यांची अदलाबदल करायला सांगा, आणि स्क्रीन न बघता कोणती कुठे आहे ते सांगा. माझ्या मुलीला हे चार दिवसांत जमलं, मला दोन आठवडे लागले.